भुलीच्या माळावरची बेपत्ता बाई

ती केस आठवली की माझा अजूनही गोंधळ उडतो. तपास चार दिवसांत पूर्ण झाला, कागद बंद झाले, वरिष्ठांनी एक शब्दही विचारला नाही. तरी त्यातल्या दोन-तीन गोष्टी मला आजवर नीट लागलेल्या नाहीत. नावं कुणाचीच सांगणार नाही. ती माणसं अजून तिथंच राहतात.

मी तेव्हा पाथर्डी तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. आमच्या हद्दीत, तिसगावच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला एक लहानसं गाव आहे. गावातली निम्मी घरं दसरा झाला की ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्यात परत येतात. गाव आणि त्याची शिवारातली शेतं यांच्यामध्ये एक ओसाड माळ पसरलेला आहे. गावकरी त्याला भुलीचा माळ म्हणतात. त्या माळावर माणूस वाट विसरतो, असा समज. दिवसाढवळ्या, ओळखीच्या वाटेवर विसरतो.

त्याची गोष्ट मला पोलीस पाटलांनी सांगितली होती. फार पूर्वी एक मेंढपाळ नव्या बायकोला घेऊन त्या माळावरून चालला होता. बायको पाण्याला म्हणून गेली आणि वाट चुकली. ती काही परत आली नाही. तिला शोधता शोधता तो तिथंच मेला. आता माळावरून जो जाईल त्याला तो सोबत घेतो आणि बायको शोधायला फिरवत राहतो. यावर उपाय एकच. खाली बसायचं, डावी चप्पल उजव्या पायात आणि उजवी डाव्या पायात घालायची, आणि उठून चालू लागायचं. माळाच्या मधोमध एक मोठा काळा धोंडा आहे, त्याला शेंदूर लावलेला. तो त्या मेंढपाळाचा.

गणपती होऊन गेले होते. मंगळवारी सकाळी ठाण्यात एक तरुण माणूस ओरडतच आला. त्याची बहीण या गावात दिलेली. वय सत्तावीस, दोन मुलं. आदल्या दिवशी, सोमवारी दुपारी, ती तूर खुरपायला शेतात जाते म्हणून निघाली आणि बेपत्ता झाली.

"माझ्या बहिणीला तिच्या नवऱ्यानं मारलंय, साहेब. आठ दिस झाले, भांडनं चालू हायेत. गुन्हा दाखल करा."

ठाणे अंमलदाराने मिसिंगची, म्हणजे बेपत्ता झाल्याची, नोंद करून घेतली आणि आम्ही गावात गेलो. बाईचा मोबाईल घरात, चार्जिंगला लावलेला. चपला माळावर, त्या शेंदरी धोंड्याजवळ सापडल्या. शेजारी शेजारी नीट ठेवलेल्या, पण डावी उजवीकडे आणि उजवी डावीकडे.

पोलीस पाटील शांत होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "साहेब, भूल पडलीय. येईल दोन दिसात. हितं हे हुतच असतं."

"हे मी रजिस्टरला लिहू का?" मी म्हणालो. मला त्यांचा राग आला होता, कारण गावात कुणीच घाबरलेलं दिसत नव्हतं. बाई हरवली की विहिरी धुंडाळतात, पोरं मोटारसायकली घेऊन चारी दिशांना पळतात. इथं बायका आपापल्या दारात निवडणं-टिपणं करत बसल्या होत्या. हे मी पाहिलं होतं, पण त्यातून काही काढलं नाही. नवरा तेवढा ओट्यावर डोकं धरून बसला होता आणि माझं सगळं लक्ष त्याच्यावर होतं.

नवरा तिशीचा, किरकोळ अंगाचा, दहावीपर्यंत शिकलेला. सोमवारी दुपारी कुठं होतास विचारलं, तर म्हणाला घरीच. भांडण कशावरून, तर म्हणाला, "घरातलं हुतं." यापलीकडे एक अक्षर नाही.

बुधवारी सकाळी फोन आला. त्या भागात शेळ्या चारणारा एक जण आम्हाला अधूनमधून खबर द्यायचा. तो म्हणाला, सोमवारी दुपारी नवरा माळावर होता, हातात कुदळ होती आणि ओढ्याच्या कडेला काहीतरी खणत होता.

मी पंच घेतले आणि ती जागा उकरली. हातभर खोलीवर एक गाठोडं निघालं. त्यात नारळ, हळद-कुंकू, लिंबू आणि बाईचं एक ब्लाऊज. भावाने ते ब्लाऊज ओळखलं आणि तिथंच बसून रडायला लागला. पंचनामा झाला. ब्लाऊजवर रक्ताचा डाग नव्हता, ते धुतलेलं, घडी केलेलं होतं. पण नवरा खोटं बोलला होता एवढं पक्कं झालं.

मी त्याला चौकशीला ठाण्यात आणला. हात लावला नाही, हे मुद्दाम सांगतो. पण खुर्चीत बसवून तेच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं हाही एक मारच असतो, हे मला तेव्हा कळत होतं.

"घरी होतो म्हणालास. मग माळावर कोण होतं?"

"मीच गेल्तो. तिला हुडकायला."

"ती संध्याकाळी यायची होती. तू दुपारीच कशाला हुडकायला गेलास?"

"मला वाटलं, ती जाईल कुठंतरी म्हनून."

"मग लपवलंस का?"

"तुमी हसाल म्हनून. म्हाताऱ्या मानसांनी सांगितल्यालं. तिचा कपडा आन् नारळ पुरला की भूल मानूस माघारी देती."

"खणलंस किती वाजता?"

"दोन वाजता आसतील."

"घरी कधी आलास?"

"दिवस मावळताना."

दोन ते सहा. चार तास. माळ ओलांडायला अर्धा तास लागतो. मधले साडेतीन तास कुठं होतास, असं मी विचारत राहिलो. "फिरत हुतो. वाट घावत न्हवती." एवढंच तो म्हणत राहिला. तीस वर्षं नोकरी केलेल्या माणसाला हिशोबात न बसणारे साडेतीन तास म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. त्यातच भावाने गावाबाहेरची माणसं जमवली होती. गुन्हा दाखल करा, नाहीतर रस्त्यावर बसतो, असा निरोप आला.

गुरुवारी सकाळी नवऱ्याला परत बोलावला. तासाभरातच तो खाली बघत म्हणाला, "साहेब, मीच मारलं आसंल."

माझ्यासोबतचा फौजदार सरसावून बसला. मी त्याला हाताने थांबवलं. ज्याने खून केलाय तो 'मारलं' म्हणतो किंवा 'मारलं नाही' म्हणतो. 'असंल' कुणी म्हणत नाही. मी विचारलं, "कशानं मारलं? कुठं?"

तो रडायला लागला. "मला काय ठावं? त्या चार तासातलं मला कायबी आठवत न्हाई. तुमी म्हनताय, तिचा भाऊ म्हनतोय, तर आसंल."

मी त्याला चहा दिला आणि बाहेर आलो. आता खरं सांगायचं तर मला काहीच सुचत नव्हतं. प्रेत नाही, हत्यार नाही, आणि माणूस आपण खून केला की नाही हे मलाच विचारतोय.

दुपारी मी ठरवलं की तो माळ आपण एकट्याने चालून बघायचा. जीप रस्त्यावर उभी केली, चालकाला तिथंच थांबायला सांगितलं. आभाळ भरून आलेलं होतं. पाऊस नाही, ऊन नाही, त्यामुळे सावलीही नाही. माळावर झाड नाही. सगळीकडे सारख्याच उंचीचे टेकाडाएवढे उंचवटे, मध्ये सारख्याच खोलगट जागा. खोलगटात उतरलं की गाव, रस्ता, जीप काहीच दिसत नाही. मी धोंड्यापर्यंत बरोबर गेलो, ओढा पाहिला आणि परत फिरलो. दहा मिनिटांनी धोंडा पुन्हा समोर. मी दिशा बदलली. पुन्हा धोंडा. मोबाईलला रेंज नाही. मी ज्या बाजूला गाव समजत होतो तिकडून डोंगर वर आला. तिसऱ्यांदा तो शेंदूर दिसला तेव्हा मी जागीच थांबलो.

पुढचं मी स्टेशन डायरीत लिहिलं नाही. मी इकडे-तिकडे बघितलं, खाली बसलो आणि बुटांच्या नाड्या सोडल्या. उलटे बूट घालून, लंगडत, चाललो. थोड्या वेळात रस्ता लागला. जीपपाशी येण्याआधी बूट नीट घातले. घड्याळात बघितलं तर जाऊन पावणेदोन तास झाले होते. मला ते पाऊण तासाचं काम वाटलं होतं. मधला तासभर मी काय करत होतो हे मला कुणी खुर्चीत बसवून विचारलं असतं, तर मीही सांगू शकलो नसतो.

ठाण्यात आल्या आल्या मी नवऱ्याला घरी सोडायला सांगितलं. फौजदाराने तोंड वाकडं केलं. गावातच भावाची माणसं होती म्हणून नवऱ्याच्या दारात दोन कर्मचारी ठेवले.

आमच्याकडे एक महिला हवालदार होत्या. कामाला चोख, बोलायला कमी. गावात या माळावर आधी कोण कोण हरवलं होतं त्याची यादी मी त्यांना करायला सांगितली होती, तीही केवळ वरून विचारणा झाली तर कागद असावा म्हणून. शुक्रवारी सकाळी त्या कागद घेऊन आल्या.

"सर, यात एक गंमत आहे."

"काय?"

"गडी माणसं हरवली की दिवस मावळायच्या आत घरी येतात. घामाघूम होऊन, पाय सोलून. बायका मात्र दोन-दोन, तीन-तीन दिवसांनी येतात."

"मग?"

"आणि येतात त्या चांगल्या येतात, सर. तहानलेल्या नाहीत, दमलेल्या नाहीत. एका सासूबाईंनी तर सांगितलं, आमची सून भुलीतून आली ती वेणी घालून आली. असं म्हणाल्या आणि लगेच विषय बदलला."

मी यादी वाचली. गेल्या कित्येक वर्षांतल्या बायका होत्या. एक माहेरी आई शेवटची घटका मोजत असताना. एक मुलीच्या लग्नावरून घरात वाद चालला होता तेव्हा. प्रत्येकीच्या घरात त्या वेळी काही ना काही चाललेलं. आणि परत आल्यावर कुणालाही कुणी काही विचारलेलं नाही, कारण भुलीतून आलेल्या माणसाला विचारायचं नसतं, नाहीतर भूल पुन्हा धरते, असा नेम होता.

गावात एक म्हातारी सुईण होती. निम्मं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. बाईमाणसाला चौकशीला ठाण्यात बोलवायचं नसतं, म्हणून आम्ही दोघं तिच्या घरी गेलो. ती उन्हात बसून लसूण सोलत होती. मी सरळ विचारलं, "आजी, ती कुठं आहे?"

"भुलीत हाय."

"भुलीत म्हणजे कुठल्या गावात?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग हवालदारांकडे पाहिलं आणि त्यांनाच म्हणाली, "त्या मेंढक्याची गोष्ट तुला ठावं हाय का, बाई?"

"हो. बायको पाण्याला गेली आणि वाट चुकली."

"हे गडी सांगत्यात." म्हातारी म्हणाली. "आमाला आमच्या सासवांनी सांगितलं ते येगळं हाय. ती चुकली न्हवती. ती गेली. तिचं काम हुतं ते करायला गेली. तो मेला नस्ता, तर आली आस्ती माघारी."

मी म्हणालो, "आजी, तिच्या नवऱ्यावर खुनाचा गुन्हा दाखल होईल. तो स्वतःच कबूल करायला लागलाय."

लसूण सोलणारे हात थांबले. "मारलाय का त्याला तुमी?"

"नाही."

"मग कशापायी कबूल करतोय?"

"त्याला वाटतंय, आपल्या हातून झालं असेल."

तिने हातातली पाकळी सुपात टाकली. नंतर हळू आवाजात म्हणाली, "त्यो वाईट न्हाई. डॉक्टरनं सांगितलं की मान हलवतो, येवढंच." मग लसणाचं सूप बाजूला सारलं आणि उठली. "शेवगावला चला. मी येती संगं."

शेवगावात एका निवृत्त नर्सबाईंचं घर होतं. त्यांचं माहेर त्या माळाच्या गावातलं. दार उघडलं तर समोर ती बाई तांदूळ निवडत बसलेली. आम्हाला बघून उठली, पण पळाली नाही. एवढंच विचारलं, "त्येन्ला धरलंय, ते खरं हाय का?"

हवालदारांनी तिला बसवलं आणि मग सगळं बाहेर आलं. तिच्या पोटात वर्षभर दुखत होतं. एका खासगी दवाखान्यात नेलं, तिथं सांगितलं की गर्भपिशवी काढून टाका. घरात सगळ्यांना ते पटलं. तोडीला जायच्या आधी एकदाचं झालं म्हणजे पुढं कामाला खाडे नकोत. गावातल्या आणखी काहीजणींच्या पिशव्या अशाच निघालेल्या होत्या. त्यातल्या दोघी नंतर कधी धड उभ्या राहिल्या नाहीत, हे हिने पाहिलं होतं.

"मी म्हनलं, दुसऱ्या डॉक्टरला दाखवू. आठ दिस त्याच्यावरच भांडन हुतं. मंगळवारची तारीख दिल्याली. म्हनून सोमवारी निघाले."

नर्सबाईंनी तिला सरकारी दवाखान्यात नेलं होतं. तपासण्या झाल्या, त्यांचे कागद आदल्या दिवशी आले होते. पिशवी काढायची काहीही गरज नाही, जंतुसंसर्ग आहे, औषधाने बरा होईल, असं त्यावर लिहिलं होतं. नवऱ्याला ठाण्यात नेल्याचं तिला काल संध्याकाळी कळलं. आज दुपारच्या एसटीने निघणार होते, असं ती म्हणाली. कोपऱ्यात कपड्यांनी भरलेली पिशवी होती खरी. पण ती आमच्या आधी भरली होती की आमची जीप वाजल्यावर, हे मी सांगू शकत नाही.

मी जबाब लिहायला घेतला. ती सज्ञान होती, स्वतःच्या मर्जीने गेली होती. ती जे सांगेल तेच लिहायचं.

"काय लिहू?"

"लिवा, वाट चुकले."

"ताई, सरकारी कागदावर खोटं लिहायचं?"

"खोटं कसं, साहेब? माळावर गेले, आन् घरी जायची वाट न्हाई घावली."

म्हातारी आणि नर्सबाई माझ्याकडे बघत होत्या. हवालदार कागदाकडे बघत होत्या. मी लिहिलं की सदर महिला शेतात जात असताना वाट चुकल्याने शेवगाव येथे परिचितांकडे गेली, तिची कोणाविरुद्ध तक्रार नाही. तिने सही केली. दवाखान्याच्या कागदांची प्रत मी सोबत जोडली. त्यांचा त्या नोंदीशी काही संबंध नव्हता. पण ती प्रत सरकारी फाईलमध्ये आहे हे घरच्यांना कळलेलं बरं, असं मला वाटलं.

ठाण्यात नवऱ्याला बोलावून घेतला. तो आत आला आणि तिला बघून दारातच उभा राहिला. मग जवळ जाऊन विचारलं, "लई फिरलीस का गं माळावर?"

"लई," ती म्हणाली आणि त्याच्या हातात दवाखान्याचा कागद दिला.

त्याने तो सावकाश वाचला. परत पहिल्यापासून वाचला. मग घडी घालून खिशात ठेवला. त्याने तिला पुढं काही विचारलं नाही. माळाचा नेम पाळला, की त्याला सगळं कळलं होतं? मी त्याच्या तोंडाकडे नीट बघत होतो. मला ओळखता आलं नाही. मागोमाग आलेल्या तिच्या भावाने मात्र मेहुण्याच्या पायावर डोकं ठेवलं.

ऑपरेशन झालं नाही, एवढं पुढे कळलं. त्या वर्षी ती दोघं तोडीला गेली आणि उन्हाळ्यात परतही आली.

या केसने मला काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर एक गोष्ट ठामपणे सांगतो. ज्याच्या सांगण्यात भोक आहे तो खोटा आणि ज्याचं सगळं जुळतं तो खरा, हे मी वर्षानुवर्षं धरून चाललो होतो. इथं उलट निघालं. पण त्यापलीकडे माझं काही पक्कं होत नाही. एक निर्दोष माणूस दोन दिवस माझ्यासमोर रडत होता आणि अख्ख्या गावातल्या बायका हे जाणून गप्प होत्या. हे बरोबर झालं असं मला म्हणवत नाही. पण दारादारांतल्या त्या बायकांपैकी एकीने जरी पहिल्याच दिवशी तोंड उघडलं असतं, तर त्या बाईचं ऑपरेशन टळलं नसतं. आणि बायका ठरवून हरवत असतील, तर मी का हरवलो? मला तर कुठं जायचं नव्हतं.

निवृत्त झाल्यावर एकदा दुपारी हे सगळं मी पहिल्यांदाच घरी बायकोला सांगितलं. ती मेथी निवडत होती. माझं सांगून झाल्यावर देठं कागदात गुंडाळत ती म्हणाली, "बऱ्या होत्या बिचाऱ्या. त्यांना माळ तरी होता."

आणि भाजी घेऊन आत गेली. म्हणजे काय, असं विचारायला मी उठलो आणि स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. आत नळाचा आवाज येत होता. मी तिथं थोडा वेळ उभा राहिलो आणि परत येऊन बसलो. ते मी अजून विचारलेलं नाही.